पाच क्विंटलांचा कॉम्प्युटर

जुन्या कॉम्प्युटरच्या जाहिरातींची कात्रणं जपणाऱ्यांची एक पिढी आता हळवी होण्याच्या वयाला आली आहे. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, मुक्काम पुणे, बंगळूर किंवा अमेरिका, आणि दिवाळीत वर्ध्याला आले की गप्पांचा विषय ठरलेला. यांतले बरेचजण माझे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यांच्या वतीने मीच ते मांडू शकतो. त्या काळच्या जाहिराती सरळ होत्या. प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, मॉनिटर किती इंची, सगळं छापलेलं आणि खाली ठळक अक्षरांत किंमत. वस्तू टिकत होती. चार स्क्रू काढले की आतलं सगळं समोर दिसायचं. घरात कॉम्प्युटर यायचा तेव्हा पेढे वाटले जायचे, आता फोन येतो नि जातो, कुणाला पत्ता नसतो. आणि एवढं हळहळून झालं की हीच मंडळी त्याच कात्रणाकडे बोट दाखवून खो-खो हसतात: चाळीस हजारांत ३२ एमबी रॅम! काय दिवस होते, आणि आज बघा, दहा हजारांच्या फोनात किती!

म्हणजे ते दिवस चांगलेही होते आणि हास्यास्पदही. मित्रांना ही विसंगती खुपत नाही. मला खुपते, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. हळहळ काय किंवा हसू काय, दोन्ही एकाच आकड्यावर उभी आहेत: जाहिरातीत छापलेल्या किमतीवर. आणि तो आकडा म्हणजे किंमत नव्हे. किंमत कोणी, कशातून आणि कशाऐवजी दिली हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर रडायचंही कारण नाही, हसायचंही नाही. वर्धा जिल्ह्यात ती अजूनही पुष्कळ घरांत कापसातून दिली जाते.

आधी त्या जाहिरातींचा सरळपणा तपासू, कारण त्याचं कौतुक सगळ्यात जास्त होतं.

मित्रांच्या संग्रहातली मानाची कात्रणं अमेरिकन असतात. त्यात आयबीएमच्या पहिल्या पीसीची किंमत असतेच असते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा पीसी जाहीर झाला तेव्हा सुरुवातीची किंमत सांगितली गेली १,५६५ डॉलर. या पैशांत काय मिळत होतं? १६ किलोबाइट मेमरी. मॉनिटर नाही, घरचा टीव्ही जोडा. डिस्क ड्राइव्ह नाही, टेपरेकॉर्डर जोडा. स्वतःचा पडदा, एक डिस्क ड्राइव्ह आणि ६४ किलोबाइट मेमरी हवी असेल तर आकडा तीन हजार डॉलरच्या पुढे जायचा. हे आयबीएमने लपवलं नव्हतं, त्यांच्याच निवेदनात होतं. पण कात्रण जपणाऱ्याच्या तोंडी राहतो तो १,५६५. शिवाय आयबीएमने १९७८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला होता, त्यामुळे आपल्याकडच्या कुणी तो आकडा डॉलरच्या भावाने गुणून ‘तेव्हा साडेतेरा हजारांत मिळत होता’ म्हणणं हे तर स्वप्नातल्या दुकानातली खरेदी झाली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हार्ड डिस्क असलेला पीसी लाखाच्या घरात जायचा आणि तो बँका, कारखाने नि सरकारी कचेऱ्या घ्यायच्या.

आता आपल्या जाहिरातींकडे येऊ, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडच्या. १५ इंची रंगीत मॉनिटर? काचेच्या नळीचं ते माप होतं. डोळ्याला दिसणारा पडदा १३.८ इंचांच्या आसपास. अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टात गेले आणि कंपन्यांना दिसणारं माप वेगळं छापावं लागलं. ‘५२ एक्स’ सीडी ड्राइव्ह? तो वेग तबकडीच्या अगदी बाहेरच्या कडेला, तोही जास्तीत जास्त. ४.३ जीबीची हार्ड डिस्क मशीनला जोडली की चार जीबी दाखवायची, कारण बनवणारा हजाराने मोजायचा आणि मशीन १,०२४ ने. ३२ एमबी रॅममधून काही एमबी पडद्यावरचं चित्र दाखवणारी चिप परस्पर उचलायची, कारण स्वस्त मदरबोर्डवर तिला स्वतःची मेमरीच नसायची. हे जाहिरातीत कुठे होतं मला दाखवा. आणि स्पीकर! ‘२०० वॅट पीएमपीओ’. पीएमपीओ म्हणजे काय, याचं कुठलंही मान्य मोजमाप नव्हतं. प्रत्यक्षात दोन-चार वॅटचे ते डबे होते. मापाच्या बाबतीत एवढी सूट आमच्या कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडरही घेत नव्हता, आणि त्याच्याबद्दल आम्ही काय बोलत होतो ते इथे छापता येणार नाही.

आकडे भरपूर छापले म्हणजे खरं सांगितलं असं होत नाही. ती आकड्यांची रांग गिऱ्हाइकाला समजावी म्हणून नव्हती, गिऱ्हाइकाने मान डोलवावी म्हणून होती. ती जाहिरात वाचून वर्ध्यातल्या कुठल्या बापाला कळलं असेल की मुलाला या मशीनवर मराठीत एक अर्जसुद्धा टाइप करता येणार नाही? मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. सुरुवातीला तर सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनच्या पोटात बसवावं लागायचं. नंतर श्रीलिपी आलं, तेही मागच्या पोर्टला लावायच्या डोंगलसह. डोंगल हरवला की लग्नपत्रिका थांबल्या. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी यंत्रातच येऊ लागली, पण ती वापरात यायला पुढची कित्येक वर्षं गेली. ज्या वस्तूला गिऱ्हाइकाची भाषा येत नाही, तिची ती उणीव जाहिरातीतल्या बारीक अक्षरांतही नव्हती.

बारीक अक्षरांत असायचं ते ‘कर वेगळे’. जाहिरात मुंबईची, दुकान नागपूरला बर्डीवर, वापरणारा वर्ध्यात. मध्ये विक्रीकर, नागपूरची जकात, गाडीभाडं. घरी आल्यावर पहिला प्रश्न विजेचा. दाब कधी एवढा कमी की ट्यूबलाइट लुकलुकावी, कधी एवढा जास्त की बल्ब उडावा. म्हणून स्टॅबिलायझर किंवा यूपीएस, आणि दुकानदाराची ताकीद की अर्थिंग नसेल तर वॉरंटी विसरा. मग अंगणात खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, वरून मीठ आणि कोळसा. टेबल, प्लास्टिकचं आवरण, आणि प्रिंटर हवा असेल तर तोही. छापलेल्या किमतीवर पाव हिस्सा तरी चढायचाच. दुकानात जोडलेलं मशीन स्वस्त पडायचं, कारण त्यातली विंडोज बहुतेक वेळा फुकटची, म्हणजे चोरीची असायची. तेव्हा सगळं कसं सचोटीचं होतं असं आज म्हणणाऱ्यांपैकी किती जणांची पहिली विंडोज विकतची होती, हे मी दिवाळीत विचारून पाहतो. फराळ बेचव होतो.

आता त्या किमतीकडे. आमची शेती सेलू तालुक्यात. बाबांना कॉम्प्युटरची जाहिरात मी दाखवली तेव्हा त्यांनी मेगाहर्ट्झ विचारले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘याले किती कापूस लागन?’’ मला तेव्हा लाज वाटली होती. आज मला वाटतं, त्या पानावर विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता. तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून आता देतो.

माप म्हणून लांब धाग्याच्या कापसाचा केंद्र सरकारचा हमीभाव घेऊ. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि तिचा भाव पुष्कळदा केंद्राच्या वर असायचा हे मला माहीत आहे. पण त्या भावाचा चुकारा हप्त्याहप्त्याने आणि महिनोन्‌महिने उशिरा यायचा, हे तिच्या समर्थकांनाही माहीत आहे. १९९९-२००० चा केंद्राचा हमीभाव होता १,७७५ रुपये क्विंटल. चाळीस हजारांचा कॉम्प्युटर म्हणजे साडेबावीस क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात तीन-चार क्विंटल हाती आला तर पीक बरं म्हणायचे दिवस. म्हणजे सहा-सात एकरांचा अख्खा हंगाम, त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, सावकार, काही वजा न करता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, जेव्हा हमीभाव पाचशे-साडेपाचशेच्या घरात होता, तेव्हा लाखाचा पीसी म्हणजे दोनशे क्विंटलांच्या आसपास. एवढा कापूस पाहायचा तर एखाद्या जिनिंगच्या आवारात जावं लागेल.

मग १९९९ च्या सुमारास वर्ध्यात कॉम्प्युटर घेतले कोणी? घेतले तर खरेच. माझ्या वर्गातल्या काहींच्या घरी आले. आठवून बघा ती घरं. प्राध्यापक, बँकेतले, एलआयसीतले, रेल्वेतले, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले. पाचव्या वेतन आयोगाचा अहवाल १९९७ च्या जानेवारीत आला, १९९६ पासूनची थकबाकी आधी केंद्राच्या आणि मागाहून राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या हाती पडली, आणि घरगुती पीसीच्या जाहिराती याच दोन-तीन वर्षांत फुलल्या. मी असं म्हणत नाही की यात काही गैर होतं. पगार त्यांचा, थकबाकी त्यांची. पण ‘तेव्हा सगळं घर विचार करून कॉम्प्युटर घ्यायचं’ या वाक्यातलं घर कुठलं, ते सांगावं. त्याच साली आमच्याकडेही घर बसून विचार करत होतं. विषय वेगळा होता.

आमच्यासारख्यांनी कॉम्प्युटरची किंमत दुसऱ्याच रीतीने दिली. कुणी तासावर, सायबर कॅफेत. कुणी कोर्सच्या फीमधून. स्थानिक पेपरांत पीसीच्या जाहिराती थोड्या आणि कॉम्प्युटर क्लासच्या ढीगभर असायच्या, हे कात्रणवाले सोयीने विसरतात. सहा महिन्यांचा डिप्लोमा, वर्षाचा डिप्लोमा, नोकरीचं आमिष, कोट घातलेल्या तरुणाचा फोटो. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन आलं, २००२ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं. तेव्हा देवळी, आर्वी, समुद्रपूरपर्यंतच्या पोरांनी फी भरली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर विकत घेतला नाही, त्याच्यापाशी बसायचे पैसे दिले. या गावांच्या दृष्टीने कॉम्प्युटरची खरी जाहिरात ती होती, आणि तिच्याबद्दल कुणाला गहिवर येत नाही. का येत नाही, ते उघड आहे. तिच्यातलं वचन बहुतेकांच्या बाबतीत पाळलं गेलं नाही.

इथे मित्र म्हणतात, बरं, मान्य. पण किमती उतरल्या की नाही? लोकांपर्यंत पोचलं की नाही? हा मुद्दा जोरकस आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

किमती उतरल्या, आणि कशामुळे उतरल्या याचं श्रेय जाहिरातवाल्यांना नाही. चिपा स्वस्त झाल्या हे एक. दुसरं म्हणजे भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि कॉम्प्युटर व सुट्या भागांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने उतरवत २००५ पर्यंत शून्यावर आणायचं कबूल केलं. त्याच २००५ मध्ये १ एप्रिलला महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला. आणि त्याच वर्षी एचसीएलने ९,९९० रुपयांचा कॉम्प्युटर बाजारात आणला. कोलकात्याच्या झेनिटिसचा ‘अपना पीसी’ही त्याच घरात होता. विंडोज नव्हती, लिनक्स होतं, पण कॉम्प्युटर होता. दहा हजारांच्या आत! वर्तमानपत्रांनी मथळे केले. २००५-०६ चा कापसाचा हमीभाव होता १,९८० रुपये. भागाकार करा: पाच क्विंटल.

साडेबावीसवरून पाच. बाबांच्या प्रश्नाचं हे उत्तर कुणालाही आवडावं असं आहे, आणि कागदावर इथेच मित्रांचा विजय होतो.

पण हंगाम कोणता होता तो पाहा. त्या वर्षी बीटी बियाण्याची ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशेच्या वर होती, आणि त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हता, तंत्रज्ञानाच्या मालकी शुल्काचा होता. पुढच्या वर्षी आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यावर ती साडेसातशेवर आली. म्हणजे २००५ मध्ये दहा हजारांत एकतर कॉम्प्युटर येत होता, नाहीतर सहा पिशव्या बियाणं. ग्रामीण विदर्भात भारनियमन तेव्हा इतकं होतं की दिवसातले कित्येक तास कॉम्प्युटर नुसता टेबलावर ठेवण्याची वस्तू ठरला असता. आणि त्याच हंगामात आपल्याच जिल्ह्यातल्या डोरलीच्या लोकांनी गाव विकायला काढल्याचे फलक लावले. घरं, शेतं, गुरं यांच्यासकट अख्खं गाव. देशभरचे पत्रकार आले, फोटो निघाले. २००६ मध्ये जुलैच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला जाऊन शेतकऱ्यांशी बोलले, आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वर्धा होता.

डोरलीचा फलक हीसुद्धा जाहिरातच होती. २००५ ची, वर्ध्याची. ९,९९० च्या कात्रणाला जो कोणी लोकशाहीकरणाचा पुरावा म्हणून चौकटीत लावतो, त्याने शेजारी दुसरी चौकट रिकामी सोडावी असं मी म्हणत नाही. त्याने निदान हे सांगावं की पाच क्विंटल कापूस त्या वर्षी कुणाच्या घरात शिल्लक होता.

जाहिरातींच्याच गोष्टी करायच्या तर यंत्राची एक जाहिरात मला मनापासून आवडते. ती कॉम्प्युटरची नाही. १९२९ च्या जुलैत गांधींच्या अखिल भारतीय चरखा संघाने ती दिली. गांधी तेव्हा साबरमतीला होते. वर्ध्याला ते १९३४ मध्ये आले, सेवाग्रामला १९३६ मध्ये. जाहिरात विकण्याची नव्हती, मागणीची होती: सुधारलेला चरखा करून द्या, बक्षीस एक लाख रुपये. आणि मग अटी. वजनाला हलका असावा, उचलून नेता यावा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता यावा. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि तो भारतातच बनावा. इथवर कुणीही लिहिलं असतं. पुढच्या अटी वाचा: यंत्र निदान वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि दरवर्षी सुटे भाग बदलायचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये.

कात्रणांच्या कुठल्याही संग्रहातून मला कॉम्प्युटरची अशी एक जाहिरात काढून दाखवा जिच्यात लिहिलं आहे की हे मशीन किती वर्षं चालेल आणि दरवर्षी दुरुस्तीला किती लागेल. नाही सापडणार. वॉरंटी सापडेल, एक वर्षाची. चरखा संघाच्या जाहिरातीत यंत्राला प्रश्न विचारणारा माणूस आहे. पीसीच्या जाहिरातीत माणसाने कुठलाही प्रश्न न विचारता चाळीस हजार मोजावेत अशी सगळी रचना. त्या बक्षिसाला कुणी पात्र ठरलं नाही. किर्लोस्करवाडीहून गेलेलं यंत्रही कसोटीला उतरलं नाही. आणि हेही सांगायला हवं की १९२९ मध्ये दीडशे रुपये ही सूत कातणाऱ्या बाईच्या आवाक्याबाहेरचीच रक्कम होती. साधा चरखा थोडक्या रुपयांत मिळत असताना हे यंत्र तिने आणायचं कुठून, याचं उत्तर अटींत नव्हतं. गांधींच्या अर्थकारणाशी माझं सगळं जुळतं असंही नाही. पण पुढे इथेच, मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाचं काम करताना जे. सी. कुमारप्पा आयुष्यभर सांगत राहिले की वस्तूवरचा आकडा ती वस्तू कुणाला काय पडली हे सांगत नाही, आणि १९३८ मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयात आजही नाना तऱ्हेचे चरखे बघता येतात. दिवाळीत येणाऱ्या मित्रांना घेऊन जायला ही जागा चांगली आहे. तिथल्या यंत्रांत काय बिघडू शकतं, ते बघणाऱ्याला कळतं.

यावर हमखास उत्तर येतं: तेच तर आम्ही म्हणतो! जुना कॉम्प्युटर उघडता येत होता, दुरुस्त होत होता, टिकत होता.

यातला अर्धा भाग मला मान्य आहे आणि तो मी अर्ध्या मनाने मान्य करत नाही. रॅमची पट्टी बोटांनी काढून दुसरी बसवता येणं, हार्ड डिस्क बदलून त्याच डब्याला आणखी तीन वर्षं ढकलणं, हे खरं होतं आणि चांगलं होतं. आजच्या कित्येक लॅपटॉपांत मेमरी बोर्डलाच डाग देऊन चिकटवलेली असते, फोनची बॅटरी काढायला हीट गन लागते, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. याविरुद्ध भांडायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल काढलं. तिथे जाऊन भांडायला हवं. पण त्यासाठी जुन्या जाहिरातींच्या गळ्यात गळा घालायची गरज काय? त्या उघडता येणाऱ्या डब्याबद्दल जाहिरातीत एक अक्षर नव्हतं. ते गुण विकणाऱ्याने ठेवले नव्हते, सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येत म्हणून ते आपोआप राहिले होते. ज्या दिवशी सगळं एका बोर्डवर बसवणं परवडू लागलं, त्या दिवशी त्याच कंपन्यांनी ते काढून टाकले.

टिकाऊपणाचा दुसरा अर्धा भाग मात्र साफ खोटा. एकोणीसशे नव्व्याण्णवपासून पुढची सात-आठ वर्षं जगभरच्या मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर बसले होते. ते फुगायचे, वरून फुटायचे, तपकिरी रस बाहेर यायचा. दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, तो बोटाने दाखवेल कुठे. २०००-२००१ मधल्या आयबीएमच्या एका डेस्कस्टार हार्ड डिस्क मालिकेला लोक डेथस्टार म्हणू लागले होते. आणि हे सगळं वातानुकूलित खोलीतलं. वर्ध्याचा मे महिना पारा पंचेचाळीसच्या पुढे नेतो. पत्र्याच्या किंवा कौलाच्या खोलीत कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, एसएमपीएसचा, पंखा धुळीने अडला की दुपारी तीन वाजता जो जळका वास येतो, तो ज्यांनी घेतला आहे ते ‘तेव्हाच्या वस्तू कशा दणकट’ असं म्हणत नाहीत. आज जे जुने कॉम्प्युटर सुरू आहेत ते टिकले म्हणून दिसतात. बाकीचे भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले. त्यांची मोजदाद या आठवणींत नाही.

शेवटचा मुद्दा हसण्याचा. ‘दहा हजारांच्या फोनात केवढं मावतं!’ २०२५-२६ चा हमीभाव आहे ८,११० रुपये. म्हणजे दहा हजारांचा फोन सव्वा क्विंटलाहूनही कमी कापसात येतो. साडेबावीस, पाच, सव्वा. या उतरंडीवर बाबा खूश झाले असते असं मित्रांना वाटतं.

पण आता प्रश्नच बदलला आहे. १९९९ मध्ये कॉम्प्युटर न घेता कापूस विकता येत होता. आज पिकाची नोंद ई-पीक पाहणीत करायची तर फोन लागतो. ही पद्धत राज्यभर २०२१ च्या ऑगस्टपासून आहे. हमीभावाने सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी नोंदणी आणि मग वेळ मागायची. म्हणजे ज्या हमीभावाने मी आत्ता फोनची किंमत मोजली, तो भाव मिळण्यासाठी आधी फोन हवा, त्यात रिचार्ज हवा, आणि शिवारात रेंज हवी. हौसेची वस्तू उरलेली नाही ती. बियाणं, खत, फवारणीच्या ओळीत खर्चाच्या वहीत आली आहे. आणि ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, कारण नवं ॲप जुन्या फोनवर चालत नाही. वीस वर्षं आणि पाच टक्के या अटी इथे लावून बघा.

आणि किमती उतरण्याचा आनंद मानायचाच, तर तो दोन्ही रकान्यांत मानता येतो का तेही बघू. कॉम्प्युटरवरची आयात जकात शून्य झाली तेव्हा मशीन स्वस्त झालं आणि पेपरांनी स्वागत केलं. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरची ११ टक्के आयात जकात काढली, पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, नेमका आमचा कापूस बाजारात येतो त्या महिन्यांत. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला. हिंगणघाटच्या बाजार समितीत उभ्या गाड्यांना काय मिळालं ते त्या दिवसांचे भाव हमीभावाशेजारी ठेवून कुणालाही पाहता येईल. ज्या हिंगणघाटच्या नावाने एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या भावपत्रकात कापसाची वेगळी ओळ छापली जायची, त्या गावाला भावपत्रक वाचायला शिकवायची गरज नाही.

तेव्हा कात्रणं जपणाऱ्या मित्रांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती त्यांनी मनावर घ्यावी. जाहिराती खूप झाल्या, आता पावत्या काढा. बर्डीवरच्या दुकानाने हाताने लिहून दिलेलं कोटेशन, बँकेच्या कर्जाचे हप्ते, यूपीएसच्या बॅटरीची बिलं, क्लासच्या फीच्या पावत्या, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला नाही त्यांच्याकडचे चुकाऱ्याचे कागद मी गोळा करतो; सेलू आणि हिंगणघाटकडे ते अजून पुष्कळ घरांत पत्र्याच्या पेटीत आहेत. दोन्ही एकाच टेबलावर, तारखेवार लावू. १९९९ च्या दिवाळीपासून सुरुवात करायची माझी तयारी आहे.